थोरलीच्या पट्ट्यातल्या गोळ्या

धाकटी खुर्चीत टेकली आणि लगेच उठली. खिडकीशी गेली, रस्त्यावर डोकावली, परत आली. खांद्यावरची खेळाची बॅग तिने जमिनीवर ठेवली, पण तिचा बंद मात्र मुठीत धरून ठेवला.

"आज संध्याकाळी क्लबची समिती बसतेय," ती म्हणाली. "मला काढून टाकणार. त्याआधी काही झालं तर होईल, नाहीतर माझं पळणं संपलं."

"बस आधी," वहिनी म्हणाल्या. "उभ्या माणसाला नीट आठवत नाही."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे वहिनींचं ऑफिस. बरीच वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून काढल्यावर त्यांनी स्वतःची पाटी लावली होती. सोबतीला त्यांचे धाकटे दीर. पत्रव्यवहार, चहा आणि हरवलेल्या किल्ल्या हे त्यांचं खातं. ते त्यांना वहिनी म्हणत, म्हणून येणारे-जाणारेही वहिनीच म्हणू लागले होते. डॉक्टरांनी वजनावरून झापल्यापासून भावजींनी व्यायाम मनावर घेतला होता. सध्या ते भलीमोठी बाटली घेऊन फिरत आणि दर थोड्या वेळाने दिलगिरी व्यक्त करून बाहेर जात.

धाकटीने सांगितलं ते असं. क्लबात लांब पल्ल्याच्या धावपटू दोघी. नात्याने बहिणी नव्हेत, पण वयावरून एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणत. रविवारी निवडीची शर्यत झाली. जिंकेल तिला संघात जागा आणि परदेशात सहा महिन्यांचं शिबिर. जागा एकच. दोघी बरोबरीने पळत होत्या.

"शेवटच्या टप्प्यात ती म्हणाली, डोकं ठणकतंय. मग पायांत गोळे आले. तिने मिठाची गोळी घेतली, वर पाणी प्यायली. तरी सुधारेना. तिची बाटली संपली होती म्हणून मी माझी दिली. थोड्या वेळाने ती मला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाका मारायला लागली. शाळेचा डबा घेतलास का, विचारत होती. आणि पडली. झटके आले. अजून अतिदक्षता विभागात आहे. डोळे उघडते, पण बोलत नाही."

"तुझ्या बाटलीतलं पाणी तू स्वतः प्यायलीस?"

"आधीही आणि नंतरही. पण हे मीच सांगतेय ना. बाटली देताना सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणतात विष सापडलं नाही. आमचे प्रशिक्षक सर म्हणतात, सगळी विषं तपासणीत सापडत नसतात; फायदा कुणाचा झाला ते बघा."

"आणि फायदा?"

"माझाच." तिने पहिल्यांदाच मान खाली घातली. "मी थांबले तिच्यापाशी, शर्यत पुरी केली नाही. तरी जागा आता माझ्याकडेच येते."

भावजी मध्येच वाकले आणि बॅगेकडे बघू लागले.

"मुंग्या," ते म्हणाले. "वहिनी, आत्ताच कबूल करतो. माझ्या खणात बिस्किटं आहेत."

"तुमचा खण तिकडे आहे, भावजी. मुंग्या इकडे चालल्यात."

वहिनींनी बॅग उघडली. आत पळताना कमरेला बांधायचे दोन सारखेच पट्टे होते. दोन्हींना छोटा खिसा, दोन्ही खिशांत थोड्या कॅप्सूल उरलेल्या. मुंग्यांची रांग एकाच खिशात शिरत होती. घामाने तिथली एक कॅप्सूल फुटून चिकटली होती.

"हा कुणाचा?"

धाकटीचा चेहरा पडला. "थोरलीचा. ती पडली तेव्हा श्वास मोकळा व्हावा म्हणून मीच सोडला आणि गडबडीत माझ्या बॅगेत टाकला. लक्षात आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते. दिला असता तर म्हणाले असते, लपवला होतास."

"कॅप्सूल कोण देतं?"

"आहाराच्या मॅडम. घामातून मीठ जातं, ते भरून निघावं म्हणून. दोघींना एकाच बरणीतून, आदल्या संध्याकाळी क्लबात. डब्या घेऊन आम्ही आपापल्या घरी गेलो. माझा पट्टा मी भरते. तिचा तिचा नवरा भरतो, नेहमीच. तिला या गोष्टी बघाव्याच लागत नाहीत."

वहिनींनी दोन्ही पट्टे वेगवेगळ्या पाकिटांत घातले आणि चपला चढवल्या.

"चला भावजी. बाटली घ्या हवी तर."

*

मैदानावर प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरूनच बोलत. सगळा क्लब त्यांना नुसतं सर म्हणे. एका जागी त्यांचाही पाय ठरत नव्हता. बोलता बोलता ते मैदानाच्या कडेने चालत सुटले. त्यांच्या मागे जाताना भावजींना वाटलं, आपणही थोडं पळावं. ते पळाले, आणि वळणावर गुडघ्यावर आपटले.

सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीन काढून त्यांच्या गुडघ्याला फासलं. भावजींनी दात आवळले. मग सरांनी एका पेल्यात ग्लुकोज ढवळून त्यांच्या हाती दिलं.

"दिसतं पाण्यासारखं नितळ," भावजी पेला उजेडात धरत म्हणाले, "पण आहे गोड."

"शर्यतीत थोरलीने हे घेतलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. तिला गोड सोसत नाही, पोटात ढवळतं. तिला पाणी आणि मिठाच्या गोळ्या." सर थांबले. "मी तिला एकच शिकवलंय. तहान लागायच्या आधी प्यायचं. वाटेवरच्या पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करायचा. लोक पाणी कमी पितात आणि मरतात."

"आणि ती ऐकायची?"

"माझा शब्द खाली पडू द्यायची नाही. म्हणून तर म्हणतो, तिचं काही चुकलेलंच नाही. तिला काहीतरी दिलं गेलं."

"पट्ट्याला तुमचा हात लागला होता?"

"सुरुवातीच्या रेषेवर छातीचा नंबर मी लावला. सगळ्यांसमोर. पट्टा ती घरून बांधूनच आली होती." ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "बारा वर्षं घडवलंय मी तिला. या वेळी ती जाणारच होती."

*

आहारतज्ज्ञ बाईंची खोली क्लबच्या मागच्या गल्लीत होती. टेबलावर रिकाम्या कॅप्सूल, त्या भरायचा भोकाभोकांचा छोटा पाट आणि मिठाच्या मिश्रणाची बरणी. दार उघडताच त्या बोलत्या झाल्या. दोन दिवसांत चार लोकांनी त्यांचा सल्ला बंद केला होता.

"माझ्या गोळ्यांनी असं झालं, असं आता कुजबुजतात. अहो, धाकटीनेही त्याच घेतल्या."

वहिनींनी बरणीकडे पाहिलं. भावजींना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट. नुसतं खारट."

"मग काय गोड असेल? माझ्या खोलीत साखरेचा कण सापडायचा नाही." बाईंनी बिनसाखरेचा काळा चहा पुढे केला. भावजींनी तो औषधासारखा घेतला. "आणि साहेब, ही मोठी बाटली घेऊन हिंडायची पद्धत सोडा. तहान लागेल तेव्हा प्यायचं, लागेल तेवढं. हेच मी थोरलीलाही सांगत होते. पण तिकडे सर म्हणतील ती पूर्वदिशा."

"सर काय म्हणायचे?"

"की मी पुस्तकी आहे. आणि मी म्हणायचे, ते अडाणी आहेत. मध्ये ती सापडली." हातातला चमचा त्यांनी दोनदा पुसला.

बाहेर कोपऱ्यावरच्या टपरीवर वहिनींनी काचेचा ग्लास मागून घेतला. त्यात घोटभर पाणी. धाकटीच्या पट्ट्यातली एक कॅप्सूल उघडून आत झटकली. ढवळल्यावर पाणी नितळच राहिलं. ते ओतून, ग्लास विसळून त्यांनी थोरलीच्या पट्ट्यातली कॅप्सूल तशीच उघडली. पाणी पातळ ताकासारखं गढूळ झालं, कितीही ढवळलं तरी तसंच.

"हे काय आहे?" भावजींनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, आपण पोलिसांकडे जावं."

"जाऊ. आधी थोरलीच्या घरी."

*

थोरलीचा नवरा घरीच केक करून विकत असे. दार उघडलं तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत पांढरी पूड होती. मृदू बोलणारा माणूस. शेजारच्या बाई जिन्यातच वहिनींना सांगून गेल्या होत्या: असा नवरा नशिबाने मिळतो, बायको पळते आणि हा घर सांभाळतो.

"माफ करा, काम करतच बोलतो," तो म्हणाला. "आज एक ऑर्डर आहे. आणि हात रिकामे राहिले की डोकं फिरतं."

बारीक चाळणीतून तो साखर चाळत होता. तीही पिठासारखी मऊ. भावजींची नजर तिथून हलेना.

"पिठीसाखर घरी दळता?" त्यांनी विचारलं.

"छे. ही केकवर लावायची तयार मिळते. यात थोडं कॉर्नफ्लॉवर घातलेलं असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी दळलेली लगेच दगड होते."

खिडकीच्या कठड्यावर एका वाटीत सोन्याची अंगठी होती, मध्येच चिरलेली.

"दवाखान्यात कापावी लागली," वहिनींची नजर पाहून तो म्हणाला. "तिची बोटं एवढी सुजली होती की निघेना. घड्याळाचा पट्टाही मनगटात रुतला होता."

"शर्यतीच्या आदल्या रात्री तिचा पट्टा तुम्ही भरलात?"

"हो. डबीतल्या कॅप्सूल खिशात टाकल्या, झालं. हे मी वर्षानुवर्षं करतोय." चाळणीवरचा हात क्षणभर थांबला. "त्या धाकटीला शिक्षा होईल का? ती वाईट मुलगी नाही."

"म्हणजे तुम्हाला तिचा संशय नाही?"

"मला काय कळतं यातलं. सर म्हणतात ते."

आतल्या खोलीतून पाच-सहा वर्षांची मुलगी आली आणि बाबांच्या पायाला बिलगून उभी राहिली. वहिनी तिच्यासमोर वाकल्या.

"आईची आठवण येते?"

मुलीने मान हलवली. "आई शिबिराला जाणार नाहीये. माझ्या वाढदिवसाला ती घरीच असणार आहे."

"असं कोण म्हणालं?"

"बाबा."

"कधी? आई दवाखान्यात गेल्यावर?"

"नाही. मी रडत होते तेव्हा. आईने शर्यतीचे नवे बूट आणले त्या दिवशी."

"मुलांची समजूत काढावी लागते," नवरा घाईने म्हणाला. "रडत होती, काहीतरी बोललो."

वहिनी चाळणीशेजारी टेबलाच्या कडेला हात टेकून उठल्या. त्यांच्या बोटांना पांढरी पूड लागली होती. ती त्यांनी रुमालात पुसली आणि रुमाल नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

जिन्यात भावजी म्हणाले, "बिचारा. किती शांत आहे."

"हो," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळपासून भेटलेल्यांत एकटा तोच."

*

क्लबच्या कार्यालयात समितीच्या अध्यक्षबाई टेबलामागे होत्या. सर येरझारा घालत होते, आहारतज्ज्ञ बाई हाताची घडी घालून भिंतीशी, धाकटी दाराजवळ. नवऱ्याला थोरलीच्या वतीने बोलावलं होतं. शेजारी मुलीला ठेवून तो आला होता.

"विष नव्हतंच," वहिनींनी सुरुवात केली. "सगळे विष शोधत बसले आणि काय कमी पडलं ते कुणी पाहिलं नाही. सर, माणूस पाण्यावाचून सुकतो तेव्हा त्याची बोटं बारीक होतात की जाड?"

सर थांबले.

"थोरलीची अंगठी कापावी लागली. घड्याळ मनगटात रुतलं. पळून सुकलेल्या बाईचं असं होत नाही. तिच्या अंगात पाणी कमी नव्हतं, फार होतं. प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करत होती ती, तहान असो वा नसो. घामातून मीठ जात होतं आणि आत नुसतं पाणी येत होतं. रक्तातलं मीठ पातळ झालं की आधी डोकं दुखतं, मग माणूस बरळतो, मेंदूला सूज येते, झटके येतात. दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. माझा तर्क सांगितला. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून आम्ही त्याचेच उपचार करतोय, पण घरच्यांशिवाय कुणी विचारलं नाही."

"म्हणजे माझं चुकलं," सर म्हणाले.

"तुमचा वाटा मोठा आहे. डॉक्टरही तेच म्हणाल्या. नुसत्या मिठाच्या गोळ्यांनी ती नक्की वाचली असती, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या गोळ्यांचा आधार तरी होता. तोही कुणीतरी काढून घेतला. तिला बरं वाटेना, म्हणून ती गोळी घेत गेली आणि गोळीवर पाणी. बरं काही वाटलं नाही, म्हणून आणखी गोळी, आणखी पाणी."

त्यांनी पाकीट उघडून थोरलीचा पट्टा टेबलावर ठेवला. तो त्यांच्याकडे कसा आला तेही सांगितलं.

"दोन पट्टे एकाच बॅगेत होते. मुंग्या एकाच खिशाला लागल्या. मिठाला मुंग्या लागत नाहीत, भावजी."

"लागत नाहीत," भावजी म्हणाले, आणि मग त्यांना कळलं. "साखर."

"साखर. आता कुणाची? सरांकडे ग्लुकोज आहे, पण ते पाण्यात नितळ विरघळतं. भावजींनी पिऊन पाहिलंय. बाईंच्या बरणीत मीठच आहे आणि त्याच बरणीतल्या धाकटीच्या कॅप्सूल ठीक आहेत. थोरलीच्या कॅप्सूलने पाणी गढूळ झालं. त्या साखरेत पाण्यात न विरघळणारं काहीतरी होतं. सर, तुमची ती पेटी द्या."

सरांनी प्रथमोपचाराची पेटी पुढे केली. वहिनींनी दोन बशा मांडल्या. एकीत सरांचं ग्लुकोज, दुसरीत थोरलीच्या कॅप्सूलमधली पूड. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब टाकला. ग्लुकोज नुसतं तपकिरी झालं. पूड हळूहळू जांभळट, मग काळीनिळी झाली.

"पिठाचा अंश असला की आयोडीन असं काळं पडतं. हे शाळेत सगळेच करतात. साखर आणि कॉर्नफ्लॉवर, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं." त्यांनी पर्समधून रुमाल काढून उलगडला आणि त्यावरच्या पांढऱ्या डागावर थेंब टाकला. तोही काळा झाला.

नवरा त्या डागाकडे बघत होता.

"अशी साखर कुणीही विकत आणेल," अध्यक्षबाई सावधपणे म्हणाल्या.

"आणेल. पण कॅप्सूल बाईंच्या हातून थोरलीच्या हातात गेल्या, तिथून घरी. सकाळी पट्टा कमरेला बांधूनच ती बाहेर पडली. एकेक कॅप्सूल उघडून, मीठ ओतून, साखर भरून परत बंद करायला निवांत वेळ आणि सवयीचा हात लागतो. तो एका घरातच होता. आणि त्या घरात एका लहान मुलीला शर्यतीच्या आधीच माहीत होतं, की आई शिबिराला जाणार नाही."

नवऱ्याने खुर्ची शोधली आणि बसला. तो आपले स्वच्छ धुतलेले हात बघत राहिला.

"तिला गोळे यावेत," तो म्हणाला. "पाय आखडावेत, मागे पडावी. एवढंच. मला फक्त ती हरायला हवी होती."

"का?"

"सहा महिने. त्याआधीचं शिबिर, त्याआधीच्या शर्यती. प्रत्येक वेळी ती म्हणायची, एवढं झालं की थांबते. लोक मला म्हणायचे, काय समजूतदार नवरा आहेस. ते ऐकत ऐकत मला नाही म्हणताच येईना. पाण्याने असं होतं हे मला माहीत नव्हतं. मुलीची शपथ."

"पडल्यावर तर कळलं होतं," धाकटी पहिल्यांदाच बोलली. "डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुम्ही मला गुन्हेगार ठरू दिलंत."

सरांची शिट्टी गळ्यात लोंबत होती. त्यांनी ती काढून खिशात घातली. अध्यक्षबाईंनी पोलिसांना फोन लावला.

फोन ठेवला आणि तो लगेच परत वाजला. दवाखान्यातून होता. थोरली बोलायला लागली होती.

*

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर नवरा बसला होता, शेजारी एक साध्या वेशातला इन्स्पेक्टर. वहिनी आणि भावजी भिंतीशी उभे होते. धाकटी आत होती.

डॉक्टरांनी वहिनींना आधीच विचारलं होतं की तिला आता सांगावं की थांबावं. पण थोरलीनेच विचारलं होतं, माझ्या गोळ्यांत काय होतं. पळता पळता एक तोंडातच फुटली आणि जिभेला गोड लागली. मग लपवण्यात अर्थ राहिला नव्हता. धाकटीने सांगितलं. फार कमी शब्दांत, म्हणाली ती नंतर.

दार उघडून धाकटी बाहेर आली. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"काय म्हणाली?" भावजींनी हलक्या आवाजात विचारलं.

"आधी काहीच नाही. मग विचारलं, मुलगी जेवली का." धाकटीने श्वास घेतला. "आणि म्हणाली, त्याला आत पाठव. पोलिसांना काय सांगायचं ते मी नंतर ठरवीन. आधी त्याने माझ्यासमोर बसून सांगायचं. त्याला शिबिर नको होतं, हे एकदा तरी त्याने माझ्या तोंडावर म्हणायचं."

इन्स्पेक्टरने वहिनींकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि होकाराची मान हलवली.

नवऱ्याने उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांवर हात टेकले, अर्धा उठला आणि परत बसला. पुन्हा प्रयत्न केला.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "तिला सांगा. मला नाही जमणार तिच्यासमोर."

धाकटी दारापासून मागे आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"उठा," ती म्हणाली. "ती वाट बघतेय."